मांडुळाचं पिल्लू नव्हे, खापरखवल्या

पावसाळ्यात महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या ओल्या रस्त्यावर वीतभर लांबीचा, काळसर, बोथट शेपटीचा साप दिसला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मांडुळाचं पिल्लू!" ते बहुतेक वेळा मांडूळ नसतंच. तो असतो खापरखवल्या. या सापांचं अख्खं कूळ जगात फक्त दक्षिणेकडचा भारत आणि श्रीलंका एवढ्यातच आहे आणि त्यातल्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीपुरत्याच. मांडूळ मात्र कोरड्या, भुसभुशीत जमिनीचा. थेट पाकिस्तान-इराणपर्यंत सापडतो.

गोंधळ होतो तो शेपटीमुळे, आणि ओळखही तिच्यावरूनच पटते. मांडुळाची शेपटी आखूड, गोल, जवळजवळ डोक्याएवढी जाड. म्हणून तर त्याला दुतोंड्या म्हणतात. खापरखवल्याची शेपटी सुरीने तिरकी छाटल्यासारखी दिसते. त्या तिरक्या भागावरचे खवले खरखरीत असतात आणि त्यावर जवळपास नेहमीच मातीचा थर चिकटलेला असतो. डोकं निमुळतं, डोळे मोहरीएवढे. अंग उन्हात इंद्रधनुष्यासारखं चमकतं. कित्येकांच्या कडेला पिवळे ठिपके किंवा पट्टाही असतो. मांडुळाचं खरं पिल्लू तांबूस-नारिंगी असतं आणि त्याच्या मागच्या भागावर काळे पट्टे असतात.

खाणंही वेगळं. मांडूळ उंदीर-घुशींवर जगतो, खापरखवल्या गांडुळांवर. दोघेही बिनविषारी, दोघेही थेट पिल्लं देतात. डिवचलं तर दोघेही डोकं वेटोळ्यात लपवतात आणि शेपटी पुढे करतात.

यातलीच एक जात, फिप्सनचा खापरखवल्या, 1888 साली शास्त्राच्या नोंदीत आली. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या फिप्सन यांचं नाव तिला आहे. पण गावोगाव आजही खापरखवल्याला मांडुळाचं पिल्लूच म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. मांडुळाने गुप्तधन सापडतं या खुळापायी लोक मांडूळ पकडतात, विकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. त्याच समजुतीपायी हा गांडूळखाऊ जीवही पिशवीत जातो. उरलेले गाड्यांखाली चिरडतात.

रस्त्यावर दिसलाच, तर काडीने अलगद कडेच्या मऊ मातीत सरकवा आणि थोडं थांबून बघा. तो आधी डोकं खुपसतो, मग अंग आकसत-फुगवत आत शिरतो. शेवटी त्या तिरक्या शेपटीवरच्या मातीच्या गोळ्याने मागचं बीळ बुजतं.