सरकारी रुग्णालयातले ‘शिकाऊ’ डॉक्टर कोण असतात?

‘मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर गरिबांवर प्रयोग करतात,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. अगदी तरुण डॉक्टर पाहून नातेवाइकांच्या मनात धाकधूक होणं स्वाभाविक आहे.

पण वॉर्डात रात्रंदिवस दिसणारे निवासी डॉक्टर एमबीबीएस झालेले, नोंदणी असलेले डॉक्टर असतात. पुढचं ३ वर्षांचं एमडी किंवा एमएस ते करत असतात. मुंबई-पुण्यातल्या अशा रुग्णालयांत रुग्ण एका युनिटखाली, म्हणजे डॉक्टरांच्या एका गटाखाली, दाखल होतो. त्या युनिटला अनुभवी प्रमुख असतो. इंटर्न (एमबीबीएसच्या शेवटी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेणारे) आणि निवासी डॉक्टर त्याच्या देखरेखीखाली काम करतात. राउंडला खाटेपाशी चर्चा होते, तेव्हा एकाच आजाराचा चार-पाच जण विचार करत असतात. मला तर हा रुग्णाचा फायदाच वाटतो.

नव्या औषधाची चाचणी ही वेगळी गोष्ट. तिला नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची संमती लागते, खासगी रुग्णालयातही. अशा चाचण्यांची सरकारी नोंद इंटरनेटवर कुणालाही पाहता येते.

तरीही शंका असेल, तर केसपेपरवर युनिटचं नाव पाहा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत समजावून घ्या. तो तुमचा हक्क आहे.