स्लाइड नंबर ५ म्हणजे नक्की कुठली?

मागच्या महिन्यात भाचा आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी लॅपटॉप घेऊन बसला होता, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं प्रेझेंटेशन होतं, आणि स्वतःच जुळवलेल्या एआय एजंटला (सांगितलेलं काम आपणहून करणारा प्रोग्राम) त्याने सांगितलं की ३ आणि ५ नंबरच्या स्लाइड उडव. एजंटने ३ उडवली, मग ५ उडवली. पण ३ गेल्यावर खालच्या सगळ्या एकेक नंबर वर सरकल्या ना, म्हणजे दुसऱ्या वेळी गेली ती मुळातली ६ नंबरची, नेमकी रेटवाली! भाचा म्हणतो, "मामा, हे मॉडेल येडं आहे." मी एजंटच्या टूलचं, म्हणजे मॉडेल (एजंटमागचं एआय) ज्या छोट्या प्रोग्रामकडून काम करून घेतं त्याचं, वर्णन उघडून बघितलं तर तिथे एवढंच लिहिलेलं, "स्लाइड डिलीट करतं". येडं कोण ते तुम्हीच ठरवा.

हा घोळ एआयने आणलेला नाही, बराच जुना आहे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, फोरथॉट नावाच्या कंपनीचं, रॉबर्ट गॅस्किन्सची कल्पना, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १.४ कोटी डॉलरला घेऊन टाकली. तेव्हा कशाला काही नाव द्यायची गरजच नव्हती, माणूस स्क्रीनकडे बघायचा, माउसने चौकट धरायचा, थोडी डावीकडे सरकवायचा, झालं. ऑफिस ९७ मध्ये पॉवरपॉइंटला व्हीबीए (कोड लिहून काम करून घ्यायची भाषा) मिळालं आणि मग प्रोग्रामरला हे सगळं शब्दांत मागावं लागलं: प्रेझेंटेशन, त्यात स्लाइड्स, त्यात शेप्स, म्हणजे स्लाइडवरच्या चौकटी. तिथेच स्लाइडला दोन ओळखी आहेत. एक स्लाइड-इंडेक्स, म्हणजे रांगेतला नंबर, जो जागा हलली की बदलतो, आणि दुसरी स्लाइड-आयडी, जी हलवाहलवीत तशीच राहते. फाइलमध्ये हे आयडी २५६ च्या खाली जात नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा दचकतोच की अरे माझ्या तर १२च स्लाइड आहेत!

मापांचं तर विचारूच नका. व्हीबीएमध्ये पॉइंट, १ इंचाला ७२. फाइलच्या आत, २००६ मध्ये ईसीएमए-३७६ म्हणून स्टँडर्ड झालेल्या फॉरमॅटमध्ये, ईएमयू नावाचं बारीक माप, १ इंचाला ९,१४,४००. लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिसमध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे १ इंचाला २,५४०. शिवाय व्हीबीए १ पासून मोजतं आणि पायथन-पीपीटीएक्स (पायथन भाषेतून स्लाइड बनवायचं साधन) ० पासून. माणूस हे चुकला की कोड चालवून बघतो, चौकट स्लाइडच्या बाहेर गेलेली दिसते, शिव्या घालतो, दुरुस्त करतो. कागदावरचं वर्णन अर्धवट असलं तरी डोळे होते म्हणून निभावलं.

मॉडेलकडे तसे डोळे नसतात, निदान तुम्ही स्लाइडचं चित्र काढून दाखवत नाही तोवर. टूलच्या आतला कोड पण त्याला दिसत नाही, दिसतं ते नाव, वर्णन आणि कुठली माहिती द्यायची त्याचा साचा. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीचे प्लगइन (बाहेरच्या सेवा त्याला जोडायची सोय) आले तेव्हा प्रत्येक प्लगइनला दोन वर्णनं लिहावी लागायची, एक माणसासाठी आणि एक मॉडेलसाठी. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतलं खरं वळण हेच, मॉडेल हा वेगळा वाचक आहे हे तिथे उघड मान्य झालं. जून २०२३ मध्ये ओपनएआयचं फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल मागवायची सोय) आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकचं एमसीपी (मॉडेलला टूल जोडायची सामायिक पद्धत), आणि मार्च २०२५ च्या एमसीपीत हे टूल नुसतं वाचतं की काही मोडू पण शकतं हे सांगायच्या खुणा आल्या. पण त्या खुणाच आहेत हां, टूल देणारा भरवशाचा नसेल तर त्यावर विसंबू नका असं तिथेच लिहिलंय.

आणि नावांचा गोंधळ वेगळाच. २०१६ च्या गूगल स्लाइड्स एपीआयमध्ये (प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे काम मागायची ठरलेली भाषा) स्लाइड म्हणजे एक 'पेज' आणि चौकट म्हणजे 'पेज-एलिमेंट', पॉवरपॉइंटवाले तिलाच 'शेप' म्हणतात, आणि आपण घरी 'डबा' म्हणतो. एका टूलमध्ये शेप, दुसऱ्यात एलिमेंट, तिसऱ्यात टेक्स्टबॉक्स लिहिलं की मॉडेलला ती तीन वेगळी प्रकरणं वाटू शकतात. आपल्या बडोद्याला हे नवीन नाही खरं तर, सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करून घेतला होता, 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू', १९३१ चा. मराठी, गुजराती, इंग्रजी, फारसी सगळं शेजारी शेजारी. महाराजांना एपीआय दिलं असतं तर आधी शब्द ठरवा म्हणाले असते.

भाच्याकडून मग वर्णन परत लिहून घेतलं: "स्लाइड-आयडीने एकच स्लाइड कायमची काढतं. रांगेतला नंबर देऊ नका, एक स्लाइड गेली की पुढचे नंबर बदलतात. आयडी माहीत नसेल तर आधी 'स्लाइडची यादी' हे टूल वापरा. आयडी सापडला नाही तर काहीही न काढता एरर देतं." चार वाक्यं, लिहायला अर्धा तास लागला, कारण शेवटचं वाक्य लिहिताना कळलं की कोड तसं करतच नव्हता, तो आयडी सापडला नाही की गुपचूप शेवटची स्लाइड उडवत होता. तो आधी दुरुस्त केला. रेटवाली स्लाइड मात्र भाच्याला रात्री बसून हातानेच परत बनवावी लागली.