पिल्लंच उरत नाहीत: अटलांटिकमधला लायनफिश

पुण्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांना लायनफिशची ओळख करून द्यायला नको. तांबडे-पांढरे पट्टे, पसरलेले झालरदार पर आणि पाठीवर ताठ काटे. हा मासा मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागरातला. घरच्या पाण्यात तो बेतानेच आढळतो. तांबड्या समुद्रात हेक्टरी जास्तीत जास्त ८० च्या आसपास मोजला गेला आहे. अटलांटिकमधल्या बहामा बेटांजवळ मात्र काही प्रवाळांवर हा आकडा हेक्टरी ३९० च्या वर गेला.

तिथे तो पोहून गेलेला नाही. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पहिला लायनफिश दिसला. कोणीतरी हौसेने पाळलेले मासे समुद्रात सोडले असावेत, हेच त्याचं सर्वांत पटणारं कारण. २००४ पर्यंत तो बहामात पोचला, पुढे सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरला आणि २०१४ मध्ये ब्राझीलमध्येही सापडला. या वेगाला कारण आहे. मादी वर्षभरात वयात येते, दर दोन-चार दिवसांनी अंडी घालते आणि वर्षाकाठी अंड्यांची संख्या २० लाखांच्या घरात जाते. अंडी बुळबुळीत गोळ्यात तरंगतात, त्यातून निघालेले डिंभक, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, जवळपास महिनाभर प्रवाहाबरोबर वाहतात. एका बेटावर कितीही सफाई करा, पुढची खेप दुसरीकडून येतेच.

शिकारीची पद्धत बघण्यासारखी आहे. लायनफिश घाई करत नाही. छातीचे पर पसरून लहान माशाला खडकाच्या कोपऱ्यात कोंडतो. कधी तोंडाने पाण्याची बारीक धार मारतो. प्रवाह आला की मासा त्याच्याकडे तोंड करतो आणि मग डोक्याकडून सरळ गिळला जातो. एका लायनफिशने अर्ध्या तासात २० लहान मासे खाल्ल्याची नोंद आहे. त्याचं पोट मूळ आकारमानाच्या ३० पटींपर्यंत ताणतं. तिथल्या माशांच्या पिढ्यांनी असा शिकारी पाहिलेलाच नाही, त्यामुळे तो जवळ आला तरी अनेक जण पळत नाहीत.

खरा घाव मात्र पिल्लांवर बसतो. मार्क अल्बिन्स आणि मार्क हिक्सन या सागरी संशोधकांनी बहामात २० छोटे, सुटे प्रवाळखडक निवडले. १० खडकांवर लायनफिश ठेवला, १० त्याच्याविना. पाच आठवड्यांत लायनफिश असलेल्या खडकांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या पिल्लांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी कमी पडली. पाणबुड्याला सुरुवातीला काही बिघडल्यासारखं वाटतच नाही, कारण मोठे मासे जागेवर असतात. त्यांची जागा घेणारी पिढी नाही, हे नंतर कळतं. बहामातल्याच न्यू प्रॉव्हिडन्स बेटाजवळ २००८ ते २०१० या दोन वर्षांत ४२ जातींच्या लहान माशांचं एकूण वजन ६५ टक्क्यांनी घटलं. या भक्ष्यात पोपटमाशाची पिल्लंही येतात. पोपटमासे शेवाळ खरवडून खातात; ते कमी झाले की शेवाळ वाढतं आणि प्रवाळाला जागा उरत नाही.

सगळीकडे चित्र एवढं ठळक नाही, हेही सांगायला हवं. बेलीझच्या लांबलचक प्रवाळभिंतीवरच्या एका पाहणीत लायनफिशचा वेगळा परिणाम हाती लागला नाही.

उपाय हाताने करायचा आहे. पाणबुडे आखूड भाल्याने मासा टिपतात आणि कडक प्लास्टिकच्या नळकांड्यात टाकतात; जाळीच्या पिशवीतून काटे बाहेर येतात. विषारी काटे १८: पाठीवर १३, पोटाखाली २, गुदपराला ३. काटा लागला तर चटका बसणार नाही इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, जखम ३० ते ९० मिनिटं बुडवायची आणि डॉक्टर गाठायचा. विष प्रथिनांचं आहे, उष्णतेने मोडतं. मांस विषारी नाही, काटे कापून मासा खाता येतो. दिलाशाची गोष्ट अशी की शेवटचा मासा मारावा लागत नाही. संख्या ठरावीक पातळीखाली ठेवलेल्या खडकांवर स्थानिक भक्ष्य माशांचं वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. पण काम सोडून चालत नाही, कारण हा मासा ३०० मीटर खोलीवरही राहतो आणि तिथे भाला पोचत नाही.

पुण्यातून लायनफिश समुद्रात जाणार नाही आणि मुठेत सोडला तर गोड्या पाण्यात जगणार नाही. आपला धोका गोड्या पाण्यातल्या पाळीव माशांचा आहे. मुळा-मुठेत परदेशी चिलापी (तिलापिया मासा) केव्हाच ठाण मांडून बसली आहे. दुकानात दोन इंचांचा दिसणारा सकर मासा दीड फुटांपर्यंत वाढतो, म्हणून विकत घेण्याआधी पूर्ण वाढीची लांबी विचारा. नकोसा झालेला मासा नदीत, पाषाण तलावात किंवा विहिरीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या पाळणाऱ्याला. नेताना आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, दुहेरी पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवा. टँकचं गोडं पाणी कुंड्यांना घाला, खारं बाथरूमच्या मोरीत ओता, आणि पाणवनस्पती उन्हात कडकडीत वाळवूनच कचऱ्यात टाका; ओल्या तुकड्याला चिकटलेल्या गोगलगाईंच्या अंड्यांना एखादा नालाही पुरतो.