स्वसंमोहन : अवधानन्यूनता असलेल्या मुलांसाठी पूरक साधन

मनात एखादे चित्र उभे करून आणि स्वतःलाच सूचना देऊन आपले लक्ष आत वळवण्याचे व शरीर शिथिल करण्याचे जे कौशल्य शिकता येते, त्याला स्वसंमोहन म्हणतात. संमोहनासाठी रूढ झालेला ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द निद्रावाचक ग्रीक शब्दावरून आला असून तो स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांच्या १८४३ सालच्या ग्रंथामुळे प्रचारात आला. ही अवस्था झोपेची नसून मन एकाच कल्पनेवर स्थिरावण्याची आहे, हे पुढे ब्रेड यांनाच जाणवले आणि त्यांनी ‘मोनोआयडेइझम’ हे दुसरे नाव सुचवले. ते रूढ झाले नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तेच अधिक अर्थपूर्ण आहे.

अवधानन्यूनता व अतिचंचलता विकारात (एडीएचडी) लक्ष न टिकणे, उतावीळपणा आणि अतिचंचलता ही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू होऊन घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळतात. अशा मुलाला एकाग्रतेवर आधारलेले तंत्र कसे जमेल, ही शंका रास्त आहे. परंतु आवडीच्या कल्पनेत ही मुले अनेकदा चटकन आणि पूर्णपणे रमतात, आणि शालेय वयातील मुले प्रौढांपेक्षा सामान्यतः अधिक संमोहनक्षम असतात. डोळे मिटून निश्चल बसण्याचा आग्रह येथे गैरलागू ठरतो, कारण लहान मुले डोळे उघडे ठेवून, हातपाय हलवत असतानाही कल्पनेत गढून जाऊ शकतात.

प्रशिक्षित चिकित्सक मुलाच्या आवडीतूनच विषय निवडतो. सायकल आवडणारे मूल मनातल्या सायकलचा ब्रेक हळूहळू दाबून पाहते आणि वेग उतरताना श्वासही संथ करते. राग उफाळू लागल्यावर किंवा उत्तर देण्याची घाई झाल्यावर तोच ब्रेक एखाद्या ठरलेल्या खुणेने, उदाहरणार्थ अंगठा व तर्जनी जुळवून, आठवायचा असतो. सराव थोडा वेळ, पण रोज करावा लागतो. पालकांनी आठवण करून द्यावी, हुकूम देऊ नये; ‘तू कर’ म्हणून लादलेले स्वसंमोहन ‘स्व’ उरतच नाही.

मूळ अवधानदोषावर या पद्धतीचा परिणाम होतो, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. उपलब्ध अभ्यास थोडे व लहान आहेत. विकाराबरोबर येणारी चिंता, झोप लागण्यातील अडचण, डोकेदुखी आणि सतत बोलणी खाऊन खचलेला आत्मविश्वास यांबाबत तिचा उपयोग अधिक संभवतो. म्हणून पालक-प्रशिक्षण, वर्तनोपचार, शाळेतील साहाय्य आणि आवश्यक तेथे मेथिलफेनिडेटसारखी औषधे यांच्या जोडीनेच ती वापरावी. तिच्या भरवशावर चालू औषध परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. ज्या मुलाला भास होतात किंवा ज्याच्यावर मानसिक आघात झाला आहे, त्याच्या बाबतीत बालमानसोपचारतज्ज्ञाच्या तपासणीपूर्वी हा सराव सुरू करू नये.