पार्श्वभूमी : डिजिटल रक्तदाबमापकाचा आकडा येतो कुठून

डिजिटल रक्तदाबमापकाचा इतिहास सांगताना दोन टप्प्यांचा उल्लेख हमखास होतो. पहिला टप्पा म्हणजे 1896 मध्ये इटलीतील तुरीन येथे सायकलच्या ट्यूबपासून बनवलेला दंडाचा पट्टा आणि दुसरा म्हणजे 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील एका तरुण शल्यचिकित्सकाने मांडलेली, पट्ट्याखालच्या धमनीतील आवाज स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत. पट्टा आजही आहे, पण आजच्या यंत्रामागचे तत्त्व या दुसऱ्या टप्प्यातून आलेले नाही. ते त्याहून जुने आहे. 1876 मध्ये फ्रान्समधील एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पाण्याने भरलेल्या बंद पात्रात हात ठेवून पाण्याचा दाब वाढवत नेला, तेव्हा नाडीच्या ठोक्यांबरोबर उठणारी स्पंदने आधी मोठी होत जातात आणि पुढे मावळतात, असे त्याला आढळले. या स्पंदनांवर आधारलेली उपकरणे विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात काही काळ वापरातही होती, परंतु पारा आणि स्टेथोस्कोप यांच्या साधेपणापुढे ती मागे पडली.

ऐकण्याची पद्धतही वाटते तितकी निर्विवाद नव्हती. पट्ट्यातील हवा सोडताना पहिला आवाज येतो तो वरचा दाब, यावर फारसा वाद झाला नाही. खालचा दाब मात्र आवाज मंदावतो तेथे धरायचा की तो पूर्ण थांबतो तेथे, याविषयी 1939 मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी मिळून पहिला पर्याय सुचवला आणि 1951 मध्ये अमेरिकेत दुसऱ्या पर्यायाला पसंती मिळाली. त्यात भर म्हणजे ऐकणाऱ्याची सवय. पाऱ्याच्या पट्टीवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, तरीही नोंदवह्यांत 5 ने संपणारे आकडे सर्रास सापडतात, आणि शून्याने संपणारे तर त्याहूनही अधिक.

आवाज ऐकण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याचा पहिला मार्ग म्हणून 1970 च्या दशकातील घरगुती यंत्रांच्या पट्ट्यात मायक्रोफोन बसवला गेला. तो नेमका धमनीवर यावा लागे आणि खोलीतील गडबड किंवा हाताची हालचाल त्याला सोसत नसे. साधारण त्याच काळात, 1976 च्या सुमारास, अमेरिकेत रुग्णालयांसाठी आलेल्या एका यंत्राने मायक्रोफोन वगळून पट्ट्यातील दाबाच्या स्पंदनांचा जुना मार्ग पुन्हा धरला. स्पंदने सर्वांत मोठी होतात तेव्हाचा पट्ट्यातील दाब हा धमनीतील सरासरी दाबाच्या जवळ असतो, हे तोवर प्रयोगांतून स्पष्ट झाले होते, म्हणून त्या यंत्राचे सुरुवातीचे रूप फक्त सरासरी दाबच दाखवत असे. वरचा व खालचा दाब त्याच्या पुढच्या आवृत्तीत आला, आणि खरा गुंता तेथूनच सुरू होतो.

पट्ट्यातील दाब वरच्या दाबाहून जास्त असला, तरी धमनीचे ठोके पट्ट्याच्या वरच्या कडेवर आदळत राहतात, त्यामुळे स्पंदने नेमकी सुरू कोठे होतात ते सांगता येत नाही. खालच्या बाजूलाही ती एकदम थांबत नाहीत. म्हणून सर्वांत मोठ्या स्पंदनाच्या साधारण निम्म्या उंचीचे स्पंदन जेथे मिळते तो वरचा दाब आणि पुढे उतरणीवर सुमारे आठ-दशांश उंचीचे मिळते तो खालचा दाब, अशी गुणोत्तरे अनेक माणसांवरील मोजमापांतून बेतली गेली. प्रत्यक्ष यंत्रांतील सूत्रे प्रत्येक उत्पादकाची वेगळी असून ती व्यापारी गुपित म्हणून राखली जातात. धमन्या ताठर झालेल्या वृद्धांत किंवा हृदयाची लय अनियमित असलेल्या रुग्णांत स्पंदनांचा आलेख बदलतो आणि तेच सूत्र चुकीच्या जागी बोट ठेवू शकते. गरोदरपणातील उच्च रक्तदाबासाठी यंत्राची स्वतंत्र चाचणी मागितली जाते ती याच कारणाने.

सूत्र उघड होणार नसेल, तर निकाल तपासणे एवढाच उपाय उरतो. 1987 च्या अमेरिकी मानकाने ठरवले की यंत्र आणि ऐकणारा यांच्यातील सरासरी फरक 5 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा आणि प्रमाण विचलन, म्हणजे वेगवेगळ्या मोजण्यांतील फरक सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचे माप, 8 पेक्षा जास्त नसावे. ब्रिटनमध्ये 1990 मध्ये अ ते ड अशा श्रेणींची पर्यायी पद्धत आली. ‘5 आणि 8’ हा निकष नावाजला गेला असला, तरी तो उदारच म्हणावा लागेल. सरासरी फरक शून्य आणि विचलन 8 असेल, तर साधारण पाचांतील एका मोजणीत चूक 10 मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि औषध सुरू करायचे की नाही हे अनेकदा तेवढ्याच फरकावर ठरते. पुढे प्रत्येक व्यक्तीच्या मोजण्यांची सरासरी काढून तपासणारा दुसरा निकष जोडला गेला. त्यात सरासरी फरक शून्य असल्यास विचलन 7 च्या आत आणि फरक 5 पर्यंत गेल्यास विचलन 5 च्याही आत हवे. 2018 मध्ये अमेरिकी, युरोपीय व आंतरराष्ट्रीय पद्धती एकत्र आल्या आणि किमान 85 व्यक्तींवरील चाचणी सर्वमान्य झाली. विक्रीचा परवाना आणि ही चाचणी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना असलेल्या प्रत्येक यंत्राची अशी चाचणी झालेली असतेच असे नाही, आणि खोक्यावरील मजकुरावरून ग्राहकाला ते कळण्याचा मार्ग नसतो.

भारतात ही यंत्रे औषध कायद्याच्या कक्षेत आणणारी अधिसूचना 2018 च्या अखेरीस निघाली आणि कोविडच्या काळात, जुलै 2021 मध्ये, त्यांवरील व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली गेली. चर्चा किमतीची झाली. अचूकतेची त्या मानाने फारच थोडी झाली. दरम्यान 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या, महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांचा समावेश असलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमातून सरकारी दवाखान्यांतही डिजिटल यंत्रे रुळली. पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये झाला आणि 2017 मध्ये लागू झाला. त्यानुसार पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचे उत्पादन 2020 पर्यंत थांबवायचे होते. भारताने या कराराला 2018 मध्ये मान्यता दिली.

पारा गेल्यावर नवे यंत्र कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न मानक लिहिणाऱ्यांपुढे आला. पाऱ्याऐवजी काटेकोर तपासलेला इलेक्ट्रॉनिक दाबमापक चालेल असे ठरले, पण आवाज ऐकण्याचे काम आजही माणसांकडेच आहे. दोन प्रशिक्षित निरीक्षक एकाच जोडस्टेथोस्कोपने ऐकतात, एकमेकांचे आकडे न पाहता नोंदवतात, आणि दोघांत 4 मिलिमीटरहून अधिक फरक आला की ती मोजणी रद्द करून पुन्हा घेतली जाते.