दगडखाणीचा अर्ज छाननीत का अडकतो?

महाराष्ट्रात खडी, डबर किंवा मुरूम काढण्यासाठी खाणपट्टा हवा असेल, तर गौण खनिज उत्खननाच्या २०१३ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्याची छाननी जिल्ह्याची खनिकर्म शाखा करते. नोंदणी, ओळखीचे पुरावे आणि शुल्क यांत फारसे कोणी अडत नाही. अर्ज परत येतात ते जमिनीच्या कागदांवरून. त्यातही कागद नसल्यामुळे कमी आणि असलेले कागद आपसांत न जुळल्यामुळे जास्त.

सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. भोगवटादार म्हणून मयत आजोबांचेच नाव असते, वारसनोंद राहून गेलेली असते आणि अर्ज मात्र थोरल्या नातवाच्या एकट्याच्या सहीने आलेला असतो. ‘आमच्यात वाद नाही’ हे त्याचे म्हणणे खरेही असेल, पण छाननी करणाऱ्यापुढे कुटुंब नसते, सातबारा असतो. त्यामुळे आधी फेरफार करून घ्यावा आणि सर्व सहधारकांचे संमतीपत्र जोडावे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी) असेल, किंवा इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा अथवा ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल, तर तो प्रश्न खाणीच्या अर्जाआधीच सोडवावा लागतो. मोजणी नकाशाही केवळ गटाचा असून भागत नाही. गटातील नेमका कोणता तुकडा खोदायचा, हे चतुःसीमांसह त्यावर दिसले पाहिजे. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लवकर मिळत नाही, म्हणून तिचे पैसे सर्वांत आधी भरावेत.

दुसरी अडचण ठरावाची. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित भागात, ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस कायद्यानेच बंधनकारक आहे. इतरत्रही गावाच्या ठरावाची मागणी होते. एका प्रकरणात ठरावावर गोल शिक्का, सरपंचांची सही, जावक क्रमांक, सारे व्यवस्थित होते; फक्त ‘गट क्र. ११२/२’ ऐवजी ‘गट क्र. ११२’ लिहिले होते. ११२/१ चुलत्यांच्या मालकीचा होता. एका तिरक्या रेघेपायी पुढच्या ग्रामसभेची वाट पाहावी लागली. कार्यालयाने ही चूक पहिल्याच त्रुटीपत्रात दाखवायला हवी होती, ती तिसऱ्यात दाखवली.

परिमाणांचा घोळ याहून फसवा आहे. स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासवर आकारले जाते, तर खाणकाम आराखडा घनमीटरमध्ये तयार होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. अर्जात दहा हजार ब्रास लिहून आराखड्यात दहा हजार घनमीटर दाखवले, तर दोन्हींत जवळजवळ तिपटीचा फरक पडतो आणि छाननीत तो लपत नाही.

जागा योग्य ठरली की आशयपत्र, म्हणजे पट्टा देण्याची तयारी कळवणारे पत्र, मिळते, आणि इथेच सर्वांत महागडा गैरसमज होतो. आशयपत्र म्हणजे परवाना नव्हे. त्यानंतर आराखडा मंजूर करून घेऊन पर्यावरण मंजुरी मिळवावी लागते. ‘आमची पाच एकरांचीच खाण, आम्हाला कशाला?’ असे अनेकजण विचारतात. पण दीपक कुमार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही ही मंजुरी लागते. शिवाय शेजारच्या खाणीची हद्द तुमच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत असेल, तर दोन्ही क्षेत्रे समूह म्हणून एकत्र मोजली जातात. बेरीज पाच हेक्टरांच्या वर गेली, की पर्यावरणीय आघात अहवाल आणि जनसुनावणी आलीच, आणि त्या सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. म्हणून आजूबाजूच्या पट्ट्यांची माहिती जागा निवडतानाच घ्यावी. त्यापुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि सुरुंग लावायचे असल्यास स्फोटकांबाबतच्या परवानग्या.

हे सारे होण्याआधी पोकलेन उतरवले, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्रेही अडकतात.

शेवटचे, क्षुल्लक वाटणारे: अर्जात मोबाईल क्रमांक स्वतःचाच द्यावा. एजंटाचा क्रमांक दिल्यामुळे त्रुटीपूर्ततेचा निरोप त्याच्याकडेच राहिला, मुदत टळली आणि अर्ज निकाली निघाल्याचे अर्जदाराला थेट कार्यालयात गेल्यावर कळले, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.