शेजवानच्या मागचा सिचुआन

मुंबई-पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक चायनीज गाडीवर ‘शेजवान’ हा शब्द दिसतो. सिचुआन या चिनी प्रांताच्या नावाचाच तो आपल्याकडे रुळलेला उच्चार. गंमत अशी की ज्या मिरचीमुळे हे नाव आपल्याला ठाऊक झालं, ती मिरची सिचुआनमध्ये रुजली अठराव्या शतकात. त्याआधीची कितीतरी शतकं तिथल्या जेवणाचा झणका होता तो कोकणातल्या आपल्या तिरफळाच्या अगदी जवळच्या भाऊबंदाचा. जीभ बधिर करणारं ते फळ आजही तिथल्या रश्शात असतंच. या प्रांताचा खरा इतिहास मात्र तिखटापेक्षा दोन गोष्टींभोवती फिरतो: पाणी आणि वाट.

पश्चिमेला तिबेटचं पठार, उत्तरेला छिनलिंग आणि दाबा या डोंगररांगा, पूर्वेला यांगत्सेच्या अरुंद घळया आणि मधे लाल मातीचं खोलगट खोरं. उत्तरेकडून आत यायचं तर कड्यात भोकं पाडून, त्यात आडव्या तुळया ठोकून, वर फळ्या टाकून केलेल्या रस्त्यांनी यावं लागे. खाली खळाळती नदी, वर कातळ.

या बंद खोऱ्यात काय घडत होतं, याचा अंदाज विसाव्या शतकापर्यंत कुणालाच नव्हता. प्रांताची राजधानी चेंगडू, तिच्या उत्तरेला सान्शिंगदुई इथे १९२९ मध्ये पाट खणताना एका शेतकऱ्याला जेडच्या वस्तू लागल्या. १९८६ मध्ये वीटभट्टीसाठी माती काढताना मोठे खड्डेच उघडे पडले. त्यांत हस्तिदंतांचा ढीग होता, जवळपास चार मीटर उंच कांस्याचं झाड होतं आणि बुबुळं नळीसारखी बाहेर आलेले प्रचंड मुखवटे होते. बहुतेक सगळं मुद्दाम फोडून, जाळून पुरलेलं. काळ इ.स.पू. बाराव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे पीत नदीकाठच्या शांग राजांचा. पण शांगांच्या कांस्यकामाशी या चेहऱ्यांचं काही नातं दिसत नाही. इथल्या प्राचीन शू राज्याच्या दंतकथांमध्ये बाहेर आलेल्या डोळ्यांचा एक आदिराजा येतो. ती कथा आणि हे मुखवटे यांची सांगड अभ्यासकांनी घातली आहे. चिनी संस्कृती पीत नदीच्या काठी उगवली आणि तिथून सगळीकडे पसरली, हे पाठ्यपुस्तकी चित्र या खड्ड्यांनी मोडलं, असं मला वाटतं.

शूच्या अंताची कथा वाटेचीच आहे. उत्तरेच्या छिन राजाने दगडी बैल घडवले, त्यांच्या शेपटीखाली सोनं ठेवलं आणि हे बैल सोन्याचं शेण टाकतात अशी आवई उठवली. शूच्या राजाने ते आणायला डोंगरातून रस्ता करून घेतला आणि त्याच रस्त्याने छिनचं सैन्य आत आलं. बैल खरे असोत-नसोत, इ.स.पू. ३१६ मध्ये छिनने शू जिंकलं हा इतिहास आहे. छिनच्या दरबारात तेव्हा वाद झाला होता. मध्यदेशातल्या राज्यांवर चालून जावं, असं एका बाजूचं म्हणणं. सेनापती सिमा त्सुओचं म्हणणं, आधी शू घ्या, धान्य मिळेल आणि नदीने खाली छू राज्यावर उतरता येईल. त्याचं ऐकलं गेलं. जवळपास शंभर वर्षांनी छिनने सगळा चीन एक केला, त्यामागे इथल्या धान्याचं बळ होतं.

ते धान्य वाढवलं ली बिंगने. इ.स.पू. २५६ च्या सुमारास तो शूचा सुभेदार होता. मिन नदी डोंगरातून उतरली की पावसाळ्यात मैदान बुडवायची आणि एरवी पिकांना पाणी मिळायचं नाही. ली बिंगने धरण बांधलंच नाही. दुजियांगयान इथे त्याने नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला आणि प्रवाह दोन केला. बाहेरचा नदीचा, आतला शेतीचा. आतल्या प्रवाहाला मैदानात सोडायला डोंगर फोडावा लागला. सुरुंगाची दारू नव्हती. कातळ आग लावून तापवायचा, वर थंड पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. तयार झालेल्या खिंडीला बाटलीचा गळा म्हणतात. त्यातून ठरावीक पाणीच आत जातं, जादाचं पाणी गाळासकट बुटक्या सांडव्यावरून पुन्हा नदीत पडतं.

बांध कशाचा होता, तर बांबूच्या पट्ट्यांच्या लांबच लांब टोपल्यांचा. त्यात नदीतलेच गोटे भरलेले. पाणी जोराने आलं तरी अशी टोपली थोडी दबते, पाणी झिरपू देते, फुटत नाही. दर हिवाळ्यात पाणी वळवून गाळ उपसायचा. किती खोल खणायचं याची खूण म्हणून पुढे तळाशी लोखंडी कांबीही पुरल्या गेल्या. नियम सहा चिनी अक्षरांचा: गाळ खोल काढा, बांध बुटका ठेवा. सव्वादोन हजार वर्षं ही व्यवस्था चालू आहे. २००८ च्या भूकंपाचं केंद्र इथून जवळच होतं, तरी बांधाला किरकोळ तडेच गेले. एवढी मोठी गोष्ट इतक्या नम्र साधनांनी उभी राहिलेली मला दुसरी माहीत नाही.

चेंगडूचं मैदान मग सुबत्तेचं घर झालं. भारताचा धागाही इथेच लागतो. इ.स.पू. १२८ च्या सुमारास हान सम्राटाचा दूत झांग छियान बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तर भागात पोचला, तर तिथल्या बाजारात त्याला शूचं कापड आणि याच भागातल्या बांबूच्या काठ्या दिसल्या. व्यापारी म्हणाले, हा माल आम्ही शेंदूहून, म्हणजे सिंधू-हिंदूंच्या देशातून आणतो. बंद समजल्या गेलेल्या खोऱ्याला दक्षिणेकडून एक वाट होती आणि ती सम्राटाला ठाऊकच नव्हती.

पुढे हे खोरं म्हणजे हरलेल्यांचा आसरा. इ.स. २२१ मध्ये ल्यू बेईने इथे राज्य मांडलं, त्याचा प्रधान झुगे लियांग आजही चिनी माणसाला मुत्सद्देगिरीचा आदर्श वाटतो. ते राज्य २६३ मध्ये बुडालं, शत्रू आडवाटेने डोंगर उतरून आला म्हणून. ७५६ मध्ये बंडामुळे राजधानी सोडून पळालेला तांग सम्राट श्वानझोंगही इथेच आला.

सोंग राजघराण्याच्या काळात चेंगडूत चलन लोखंडी नाण्यांचं होतं. बाजाराला जायचं तर ओझं वाहावं लागे. व्यापाऱ्यांनी नाणी ठेवून घेऊन कागदी पावत्या द्यायला सुरुवात केली. काही पेढ्या बुडाल्यावर सरकारने काम हाती घेतलं आणि १०२४ मध्ये जगातला पहिला सरकारी कागदी पैसा इथे छापला गेला. ‘सिचुआन’ हे नावही याच काळातलं. ते चार नद्यांवरून पडलं असं सर्रास सांगतात, पण ते आलं सोंगांनी पाडलेल्या चार सुभ्यांवरून.

नंतरची शतकं वाईट गेली. १२५९ मध्ये मंगोल सम्राट मोंगके इथल्या द्याओयू किल्ल्याच्या वेढ्यात मेला, पण किल्ला लढत राहिला तो थेट १२७९ पर्यंत. तोवर खोरं उजाड झालं होतं. १६४४ मध्ये बंडखोर झांग शियानचोंगने चेंगडू घेतलं आणि पुन्हा कत्तली, दुष्काळ, रोगराई. ओस पडलेल्या गावांत छिंग राजवटीने, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याने, पूर्वेकडच्या हूबेई-हूनान प्रांतांतली कुटुंबं आणून वसवली. आजच्या कितीतरी सिचुआनी घराण्यांचं मूळ त्यांच्यात आहे. मका, रताळी आणि ती मिरची रुजली ती याच नव्या वस्तीच्या काळात.

या छिंग साम्राज्याचा शेवटही वाटेनेच आणला. डोंगर ओलांडून यांगत्सेच्या हानकौ बंदरापर्यंत जाणाऱ्या रेल्वेसाठी सिचुआनच्या शेतकऱ्यांकडून सक्तीने पैसा घेतला होता. मे १९११ मध्ये सरकारने ती रेल्वे स्वतःकडे घेऊन परदेशी कर्जाला जोडली, तेव्हा प्रांत पेटला. दुकानं बंद, शाळा बंद, कर बंद. चेंगडूत निदर्शकांवर गोळ्या चालल्या. बंड मोडायला हूबेईतून सैन्य पाठवावं लागलं, त्यामुळे वूचांगची छावणी अर्धी रिकामी झाली आणि १० ऑक्टोबरला तिथेच क्रांतीचा भडका उडाला. फेब्रुवारी १९१२ मध्ये शेवटच्या सम्राटाने गादी सोडली. चेंगडूला पहिली रेल्वे पोचली ती १९५२ मध्ये.